नव्वद दिवसांची जर्मन आणि तीस तासांचा उपास

समस्त आप्तेष्ट, मळ्याशेजारचे शेजारी आणि द्वारका चौकाजवळच्या जर्मन क्लासातल्या माझ्या सोबतिणींना कळवण्यास अत्यंत गंभीर आनंद होतो की, तुमची ही सेहेचाळीस वर्षांची नर्स जर्मनीत जिवंत पोचली. उपाशी मरणं थोडक्यात टळलं. ज्या मुली अजून निघायच्या आहेत, त्यांनी पुढचं नीट वाचावं.

निघाले त्या सकाळी दादाने कोथिंबीर मार्केटला उतरवली आणि त्याच पिकअपमधून मला द्वारकेला मुंबईच्या बसपाशी सोडलं. आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटात जाणार होती. क्लासच्या सरांचा हुकूमच होता: हातातल्या बॅगेत खाणं नको, वास येतो, लोक नावं ठेवतात. सर स्वतः इगतपुरीच्या पलीकडे गेले असतील तर शपथ.

आणि तो क्लास. सर खुर्चीत, आम्ही बायका मोबाइलमध्ये. एकमेकींशी एक वाक्य बोलायचं नाही. ॲप म्हणायचं, हत्ती दूध पितो; आम्ही बोटाने शब्द जुळवायचो आणि मोबाइल टाळ्या वाजवायचा. मी एकदा विचारलं, "सर, भूक लागलीये हे कसं म्हणायचं?"

"ते पुढच्या लेव्हलला येतं, मॅडम. तुमचा ॲपवरचा स्ट्रीक नव्वद दिवसांचा आहे, एकही खाडा नाही. तुम्ही रेडी आहात."

तेव्हा मी फुशारले होते. आता आठवलं की हात शिवशिवतात. आज मी इथल्या वृद्धाश्रमात जर्मन बोलते. ती आजी-आजोबांनी ओरडून, हसून, चमचे आपटून शिकवली.

तर प्रवास. विमानात हवाईसुंदरीने जेवणाचं विचारलं. लहानपणापासून आईचा धाक, "लगेच हो नाय म्हणायचं, हावरट दिसतं. दोनदा नको म्हण, तिसऱ्यांदा घे." मी गोड हसून "नो, थँक्यू" म्हटलं. गाडी पुढे गेली. मी मान वळवून बघत राहिले, ती काही परत आली नाही. पुढच्या विमानतळावर सात तास गेटसमोरची खुर्ची सोडली नाही. मी खायला जावं आणि विमान सुटावं, ही भीती. दुसऱ्या विमानात चक्कर येऊन झोपले, जेवण शेजारून निघून गेलं. उतरले तर बॅग आलीच नव्हती. दशम्या कुठल्या देशात फिरत होत्या, देव जाणे.

शेवटची पाच तासांची ट्रेन. नर्स असल्यामुळे कळत होतं की रक्तातली साखर उतरलीये. समोरच्या म्हातारीने डबा उघडला, चीज लावलेला पाव माझ्यापुढे धरून काहीतरी विचारलं. आणि माझ्या तोंडून नव्वद दिवसांची जर्मन सुटली, अगदी शुद्ध: "नाइन, डांके." म्हणजे, नको, आभारी आहे. ॲपने टाळ्या वाजवल्या असत्या.

म्हातारीने मान डोलावली आणि डबा मिटायला घेतला.

घर म्हणजे काय, हे मला त्या झाकणाकडे बघताना कळलं: जिथे माझं 'नको' कुणीच खरं मानत नाही ती जागा. आणि मग भरल्या ट्रेनमध्ये, सगळ्यांसमोर, मी खणखणीत मराठीत बोलून गेले,

"अहो आजी, असं काय करता, अजून एकदा विचारा की."