जनरेटरच्या झाकणाखालची पन्नी

मंडळी, आज दुपारी कामरगावात एका छोट्या इंजिनानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

मी इंजिनं दुरुस्त करतो; गावातल्या सुनीलचा फोन आला. "भाऊ, सकाळपासून लाइन नाही. बाबाचं ऑक्सिजनचं मशीन जनरेटरवर हाये, अन् थो दर दहा मिनिटांनी बंद पडून राह्यला!"

धावत गेलो. प्लग साफ, ऑइल बरोबर. दोरी ओढली की इंजिन झकास चालू. दहाव्या मिनिटाला आवाज पातळ झाला अन् बंद. बाबांची धाप मला अंगणात ऐकू येत होती.

पेट्रोल पाहायला टाकीचं झाकण फिरवलं, तर सुस्स करून टाकीनं हवा ओढली. झाकणाच्या बारीक छिद्रातून हवा आत गेली नाही, तर पेट्रोल खाली उतरतच नाही. झाकणाखाली प्लास्टिकची पन्नी निघाली.

"ही कोणं लावली बे?"

"म्याच, भाऊ. पेट्रोलच्या वासानं बाबाले खोकला येते."

पन्नी काढली, वास घरात जाऊ नये म्हणून जनरेटर अंगणाच्या टोकाला नेऊन पुन्हा चालू केला. वीस मिनिटं झाली, आवाज ढळला नाही. आतून बाबा म्हणाले, "भाऊले चहा टाका रे."

रागावणार कोणावर? पोरानं काळजीपोटीच केलं होतं. तुमच्याही घरी अशी काळजी झाकणाखाली दडली नाही ना? आजच उघडून पाहा.