मटणवाल्या मावशीची साक्ष

मावशीचा सत्तूर ओंडक्यावर एकदा आपटला की हाडावर दुसरा घाव घालायची गरज पडत नसे. नवरा जिवंत होता तोवर रात्री तो मावशीला बडवायचा आणि सकाळी मावशी बकरं फोडायची. तो मेला तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. पण पोरगं बापाच्याही वरताण निघालं.

त्याने बायकोचा दात पाडला, तेव्हा मावशी सुनेला घेऊन चौकीवर गेली. हवालदार म्हणाला, "नवरा-बायकोचं आहे, घरातलं घरात मिटवा." बरगडी मोडली तेव्हाही तेच. मग एका संध्याकाळी त्याने सुनेचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं, आणि मावशीने शटर ओढायची सळई उचलून त्याच्या नडगीवर घातली. तो खाली बसला तसा तिने सुनेला आत ओढून कडी लावली. "तुझ्या भावाला सांग, तिकीट काढ म्हणावं. आणि परत आलीस तर ही सळई तुला."

सून निघाली त्या दिवशी पोरगा लंगडत दुकानात आला. "कुठाय ती?"

"मला काय विचारतोस, माझ्या पदराला बांधलीय का?"

त्याने तिचा गळा धरून तिला भिंतीवर रेटलं. लटकवलेल्या बकऱ्याचा आकडा तिच्या कानाला लागून रक्त आलं. तेवढ्यात शेजारचा कोंबडीवाला मध्ये पडला. सोडवायला आला आणि बोलून बसला, "अरे, म्हातारीला काय मारतोस, तुझी बायको विमानतळाच्या बसमध्ये चढली बघ."

पोरगा हसला. गिऱ्हाईक आलं म्हणून मावशी कानाला फडकं लावून पुन्हा ओंडक्याशी उभी राहिली, आणि तिच्या पाठीमागेच उभं राहून त्याने विमानतळावर फोन लावला. "विमानात बॉम्ब आहे. उडवलंत तर सगळे मराल." फोन ठेवून म्हणाला, "आता जा म्हणावं."

सुनेचं विमान निघायच्या बेतात होतं. दारं उघडली, घसरगुंड्या सुटल्या आणि माणसं एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन खाली कोसळली. एका म्हाताऱ्याची छाती चेंगरली. सुनेचं मनगट मोडलं. बॉम्ब काही सापडला नाही. पोलिसांनी तिचा मोडका हात बांधून दिला आणि तिला दुसऱ्या विमानात बसवली.

फोनच्या नंबरावरून पोलिसांनी पोरग्याला उचललं. मग त्याचा वकील मावशीच्या घरी आला. "फोन चोरीला गेला होता असं आम्ही म्हणतोय. आवाज ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या. ओळखू नका, म्हणजे सुटला. कोंबडीवाल्याने काही ऐकलेलं नाही."

"सुटला की कुठे जाईल?"

वकील म्हणाला, "घरी. अजून कुठे?"

कोर्टात फोनवरचं बोलणं ऐकवलं. धमकी, मागे धप्प-धप्प, आणि एक बाई विचारतेय, "मांडीचं देऊ का खांद्याचं?" लोक फिदीफिदी हसले.

"ही बाई कोण?" सरकारी वकिलाने विचारलं.

"मी."

"आणि बोलणारा?"

पिंजऱ्यातून पोरग्याने गळ्यावरून बोट फिरवलं. मावशीने ते पाहिलं.

"माझा पोरगा. माझ्याच पोटचा."

तो कठड्यावरून उडी मारून आला. तिचे केस मुठीत धरून त्याने तिला फरफटवलं, तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. शिपायांनी काठ्या घातल्या तेव्हा कुठे मूठ सुटली, ती केसांसकट.

विमानाच्या सुरक्षेबद्दल खोटी माहिती दिली, त्याची चार वर्षं आणि दंड, असं जजसाहेबांनी सांगितलं. मावशीने ओठातलं रक्त गिळलं. "आणि सुनेची बरगडी, साहेब? त्याची किती?"

"ती तक्रार या खटल्यात नाही, बाई."

"म्हणजे खोटं बोलला ते धरलं, आणि खरं मारलं ते नाही." पदराने ओठ पुसत ती म्हणाली, "राहू दे. आत तरी जातोय."

बाहेर येऊन तिने सुनेला फोन केला. "आत टाकलाय. झोप आता निवांत."

"तुम्हाला लागलं का, आई?"

"केस गेले थोडे. तू हाताचं प्लास्टर ओलं करू नकोस."