दुकानात दिवे घालवणारे बाबुराव

दादरच्या एका टीव्हीच्या दुकानात बाबुराव घाडी सेल्समन होते. त्यांच्याविषयी एक कुजबुज आमच्या लालबागच्या चाळीपर्यंत पोचली होती. भरदुपारी हा माणूस म्हणे शटर अर्धं खाली ओढतो, आतले दिवे घालवतो, आणि आत बाईगिऱ्हाईक असेल तर अर्धा अर्धा तास बाहेर येत नाही. मला हे शेवंताने सांगितलं. दुकानासमोरच्या फुटपाथवर ती मासे घेऊन बसायची. तिने मला दिलं ते पाव किलो, मी चाळीत वाटलं ते किलोभर. खोटं कशाला बोलू? त्यात बाबुराव पंचावन्नाव्या वर्षी मिशीला कलप लावत. मग तर काय, लोकांना पुरावाच मिळाला.

ही गोष्ट दोन हजार दहा सालची. तेव्हा चाळीत घरोघर डबडा टीव्ही जाऊन चपटा यायला लागला होता, आणि गॅलरीत एकच वाद चालायचा, एलसीडी घ्यावा की प्लाझ्मा. ज्यांनी दोन्ही पाहिले नव्हते त्यांचं मत जास्त ठाम.

माझ्या शेजारच्या खोलीत शांतावहिनी राहायच्या. त्यांचा नवरा रामू माझा जिवाचा दोस्त. दरवर्षी रजा टाकून गावच्या जत्रेला जायचा आणि दशावतारी नाटकात संकासूर राक्षस व्हायचा. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा. शेवटच्या वर्षी गावातल्या कुणीतरी अख्खं नाटक कॅमेऱ्यात घेतलं. पुढच्या जत्रेच्या आधी रामू गेला. सीडी नंतर आली. तोवर आमच्याकडचे सगळे टीव्ही म्हातारे झालेले. वहिनींनी चार घरी ती लावून पाहिली, पण काळ्या रात्रीपुढे काळा संकासूर. घुंगरं ऐकू येत, माणूस दिसत नसे.

म्हणून मुलगा विनीत नवा टीव्ही घ्यायला निघाला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी पण येतंय. माका ते दिसाक होये. बाकी तुमच्या मालिका जळल्या तरी चालतील."

मीही निघालो. मदतीला म्हणून सांगितलं. खरं तर शटरच्या आत काय चालतं ते मला बघायचं होतं.

दुकानात ट्यूबलाइटचा लखलखाट. भिंतीवर एलसीडी असे चमकत होते की डोळे दिपावेत. कोपऱ्यातला प्लाझ्मा त्यांच्यापुढे आजारी वाटत होता. विनीतने एका एलसीडीवर बोट ठेवून मला म्हटलं, "हाच. काय कलर आहे बघा तात्या!"

बाबुरावांनी विचारलं, "टीव्ही ठेवणार कुठे?"

"कुठे म्हणजे? माळ्याखालच्या फळीवर. जुना होता तिथेच."

"आणि बघणार कुठून?"

"खाली चटईवरून," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात सोफा खंयचो?"

"मग बसा खाली." आणि बाबुराव स्वतः दुकानाच्या लादीवर मांडी घालून बसले. आम्हीही बसलो. खालून वर पाहिलं तर विनीतच्या लाडक्या एलसीडीतल्या गोऱ्यापान बाईचं तोंड काळंठिक्कर पडलेलं. फोटोची निगेटिव्ह असते ना, तसं.

"च्यायला!" विनीत म्हणाला, आणि आईकडे बघून त्याने जीभ चावली.

"चाळीतले निम्मे लोक हाच घोटाळा करतात," बाबुराव म्हणाले. "उभं राहून पसंत करतात आणि घरी खाली बसून बघतात."

वहिनींनी पिशवीतून सीडी काढली आणि काय बघायचंय ते सांगितलं. बाबुरावांनी ती प्लेअरमध्ये घातली आणि प्लेअर दोन्ही टीव्हींना जोडला. मग गेले, शटर अर्धं ओढलं, आणि दिवे घालवले. मी विनीतला कोपराने ढोसलं. आता कळणार, म्हटलं.

अंधारात एलसीडीवर रात्र राखाडी दिसत होती, चुलीतल्या धुरासारखी. "ह्याच्यामागे दिवा सतत चालू असतो," बाबुराव सांगत होते. "काळं दाखवायचं म्हणजे त्या दिव्यापुढे पडदा ओढायचा. पण उजेड झिरपतोच. प्लाझ्मात ठिपका ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. मी गिरणीत कापड उजेडासमोर धरून त्यातले दोष काढायचो हो. काळ्यातला काळा मला कळतो." संपानंतर त्यांची गिरणी गेली, पण डोळे राहिले होते.

प्लाझ्मावर मागची रात्र खरीखुरी काळी होती, आणि तिच्यापुढे, जरा निराळ्या काळ्या रंगात, संकासूर नाचत होता. खांदा उडवायची ती रामूची लकब. मग त्याने क्षणभर बुरखा वर केला, घाम पुसला, आणि हसला.

"हळू नाचा ओ," शांतावहिनी टीव्हीला म्हणाल्या, "पाय मुरगळतलो."

 

दिवे लागल्यावर बाबुरावांनी प्लाझ्माची उणीदुणीही सांगितली. जड आहे, तापतो, वीज जास्त खातो, काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडतं. वहिनी म्हणाल्या, "खाऊ दे मेल्याक." त्यांनी तोच घेतला. फळी बदलावी लागली, एवढंच.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, आणि शेवंता समोरून टक लावून बघत होती. त्या आठवड्यात कुजबुजीचा भाव दुप्पट झाला. ह्या खेपेला मात्र मी गॅलरीत उभा राहून आवाज चढवला, "गप बसा रे, मी होतो आत!" लोक म्हणाले, तात्यांनाही सामील करून घेतलेलं दिसतं. आयुष्यभर पेरलं ते असं उगवलं, पण त्या माणसासाठी तेवढं ऐकून घेणं मला मोठं वाटलं नाही. माझा दोस्त त्याने मला परत दाखवला होता.

पुढे प्लाझ्मा बनायचेच बंद झाले आणि बाबुराव निवृत्त होऊन गावी गेले. वहिनींचा टीव्ही अजून चालतो. दर जत्रेला त्या सीडी लावतात आणि आम्हाला हाक मारतात.

आमच्या खोल्यांत दुपारीही अंधार असतो आणि टीव्ही तिथेच बघायचा असतो, म्हणून बाबुराव गिऱ्हाइकाला टीव्ही दिवे घालवून दाखवत. बाई असो की बाप्या.