सुमनआत्याला ऐकू आलेली मुनिया

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कुणाला किती ऐकू येतं ते तपासते; शहागंजजवळ माझं छोटं क्लिनिक आहे. भुताखेताचं, दैवी वगैरे मला कधीच पटलं नाही... आजही पटत नाही. पण हे घडलं ते नेमकं माझ्याच विषयातलं, म्हणून लिहिते आहे.

माझी सुमनआत्या गंगापूरकडे शेतात राहते. मेंदूज्वरात तिचे दोन्ही कान कायमचे गेले. तपासणी मीच केली होती – शेजारी फटाका वाजला तरी तिला कळत नाही. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते.

तिच्या उसाला लागून, ओढ्याकाठी उंच गवताचा लांबलचक पट्टा आहे. पिंजऱ्यांतून सोडवलेल्या हिरव्या मुनिया आमच्या पक्षीमित्रांच्या गटाने वनखात्याच्या परवानगीने तिथे सोडल्या. हिरवी पाठ, पिवळं पोट, लाल चोच – एवढासा जीव, पण गातो काय! विकण्यासाठी पकडून पकडून फार थोड्या उरल्यात. आत्याने गवत राखलं. पण दोन पावसाळे गेले तरी एकही दिसली नाही. शेवटी आतेभाऊ विलास म्हणाला, दिवाळी झाली की गवत काढून ऊसच लावतो. त्याचं तरी काय चुकलं?

दिवाळीनंतर शेवटची पाहणी करायला मी गेले. सकाळी आम्ही तिघं बांधावर चहा घेत होतो. आत्या कप तोंडाशी नेता नेता थांबली.

"काय गं, हे बारीक काय वाजायलंय?"

मी आणि विलासने कान टवकारले. आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. कुठे, म्हणून मी खुणेने विचारलं.

"तिकडं. लई गोड हाय." आणि ती चालूही लागली.

ओढ्याच्या वळणापर्यंत ती मागे न बघता गेली, आम्ही तिच्या मागे. तिथे पोचल्यावर कुठे आम्हाला ती नाजूक शीळ ऐकू आली... गवतात पात्यांचं गोल घरटं होतं. बाहेरच्या काडीवर पिल्लं दाटीवाटीने बसलेली, चोची अजून काळ्या. म्हणजे इथेच जन्मलेली! माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि हसू काही थांबेना. विलास खालीच बसला.

"नाय काढत गवत," एवढंच म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात आत्याला क्लिनिकमध्ये आणलं. निकाल अगदी पूर्वीचाच. मुनियेचं रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावलं, तिला पत्ताही नाही. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हात टेकले. खरं सांगायचं तर हल्ली मीही उत्तर शोधत नाही.

मुनिया आता चांगल्या वाढल्यात. सुट्टीच्या दिवशी आम्ही गटातले सगळे बांधावर जमतो आणि गप्पा मारत बसतो. मग मध्येच आत्या ओठांवर बोट ठेवते आणि आम्हाला गप्प करते.