आबांच्या तोंडून ऐकलेले पिक्चर

गेल्या उन्हाळ्यात मी जेवढे पिक्चर पाहिले, तेवढे त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून पाहिले नसतील. सगळे घरातच पाहिले, हॉलमधल्या टीव्हीवर, भर दुपारी, आणि माझ्या सासऱ्यांच्या सोबतीनं.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. ते दोंडाईच्याजवळच्या एका गावात राहतात, तिथे त्यांची मिरचीची शेती आहे. शेतातून येताना मोटारसायकल घसरली आणि त्यांचा पाय मोडला. धुळ्याला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी बजावलं की पाय जमिनीला टेकवायचा नाही. गावच्या घराला उंच पायऱ्या, संडास अंगणाच्या पलीकडे. म्हणून त्यांना जळगावला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. सासूबाई गावीच थांबल्या. म्हशी होत्या, मिरचीची तोडणी संपली नव्हती, आणि कुणावर भरवसा टाकून यायचा त्यांचा स्वभाव नाही.

आबांचा पलंग हॉलमध्ये टाकला, कूलरसमोर. नवरा पाइपच्या कारखान्यात जातो तो संध्याकाळीच येतो. मुलगी शिकायला नाशिकला असते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. उन्हाळ्यात सकाळची शाळा, त्यामुळे दुपारी घरी. म्हणजे दुपारभर घरात आम्ही दोघंच, सासरे आणि सून. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्यात कामापुरतंही धड बोलणं नव्हतं. त्यांना पाणी हवं असलं की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, “घरमा कोनी शे का?” मी डोक्यावर पदर घेऊन तांब्या ठेवायची आणि आत वळायची. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं. त्यांची अहिराणी मला समजते, पण जिभेवर येत नाही, तेही एक कारण होतंच.

त्या शांततेचा मलाच कंटाळा आला. एका दुपारी मी पदर सावरत विचारलं, “आबा, पिक्चर लावू का एखादा?”

“लाव,” ते म्हणाले. “पन मारामारीना लाव.”

मी मारामारीचा लावला. त्यात मिरचीच्या बाजारात हाणामारी होते. लाल मिरचीचे डोंगर रचलेले, नायक एकेका गुंडाला उचलून त्या ढिगात फेकतो, लाल धुरळा उडतो, मागे ढोल. मला तर जाम आवडलं. आबा मात्र उठून बसायला लागले.

“मिरचीना ढिगारामा पडना, आन एक शिंक भी नही?”

मी तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. तेही हसले. “आते हाऊ हीरो,” ते पुढे म्हणाले, “हाऊ कामधंदा काय करस?” पाऊण पिक्चर झाला होता आणि मला खरंच सांगता येईना.

तिथून आमचं सुरू झालं. मी शाळेतून यायची, आम्ही जेवायचो, आणि मग मी पलंगापासून जरा लांब खुर्ची ओढून बसायची. आठवड्याभरात पदर डोक्यावरून खांद्यावर आला, त्यांनीच म्हटलं, “उकाडा शे बेटा, ऱ्हाऊ दे.”

आमची मतं क्वचितच जुळायची. भुताचा एक पिक्चर पाहिला. जुन्या बंगल्यात एका बाईचं भूत, नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबाला छळतं. मी अर्धा पिक्चर बोटांच्या फटीतून पाहिला. आबांना भीती अजिबात वाटली नाही, त्यांना त्या भुताचीच कीव आली. “तिले कोनी इचारं का, बाई, तुले काय जोयजे? बठ्ठा मांत्रिकच लयी राह्यनात.” सगळे नुसते मांत्रिकच आणतात, एवढ्या मोठ्या घरात ती बिचारी एकटी राहिली, कुणी माणूस आलं तर बोलायलाच येत असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर मला तो पिक्चर आठवला की भीती वाटेनाशी झाली, त्याचा थोडा रागच आला. पैसे वसूल करणारी भीती त्यांनी घालवून टाकली.

दक्षिणेकडचा, हिंदीत डब केलेला एक पाहिला. एक म्हातारा नावाडी असतो, नदीवर पूल बांधायला लागतात, एवढीच गोष्ट. माझा तर डोळा लागला. जागी झाले तेव्हा म्हातारा नावेला डांबर लावत होता, आणि आबा पुढे वाकून बघत होते. संपल्यावर म्हणाले, “बेस व्हता. कोनी आरडं नही.” एवढ्या एका कारणासाठी पिक्चर आवडू शकतो हे मला नवीन होतं. पुढे बऱ्याच पिक्चरना मी ते माप लावून पाहिलं आणि फार थोडे पास झाले.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन यायचा. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. सगळं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचं. आधी म्हशी, मग मिरचीचा भाव, मग पाय. मग सासूबाई विचारायच्या, “आज काय देखं?” आणि आबा दुपारचा पिक्चर सांगायला बसायचे.

मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. पहिल्यांदा वाटलं की म्हाताऱ्या माणसाचा थोडा विसरभोळेपणा असेल. कारण त्यांच्या गोष्टीत मिरचीच्या ढिगात पडलेले गुंड शिंकत सुटले, डोळे चोळत पळून गेले, नायकाला हात उचलायची फारशी गरजच पडली नाही. तिकडून सासूबाई खो खो हसल्या. भुताच्या पिक्चरमध्ये घरातल्या सुनेनं त्या भुताला ताट वाढलं. तसं काहीसुद्धा पिक्चरमध्ये नव्हतं! तिथे शेवटी आग लागते. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना सगळं नीट आठवतंय. ते बायकोसाठी मुद्दाम बदलून सांगत होते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा त्यांचाच पिक्चर मूळच्यापेक्षा बरा असायचा.

मग तो मुलीचा पिक्चर आला. मला त्याची गोष्ट आधी माहीत नव्हती. पोस्टरवर रिक्षा होती, बाप आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी हसत होती, मला वाटलं हलकाफुलका असेल. पहिला तास तसाच गेला. बाप रिक्षा चालवतो, मुलगी त्याला इंग्रजी शिकवते. मग मुलीला ताप येतो. तो उतरत नाही. बाप तिला घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जातो.

त्या दवाखान्याच्या लांब बोळात बाप बाकावर बसतो, तिथे मला एकदम आठवलं. माझ्या नवऱ्याला एक धाकटी बहीण होती. मी या घरात यायच्या आधीच ती गेली, दहावीत असताना, काविळीनं. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. हे मला नवऱ्यानं एकदाच सांगितलं, लग्नानंतर पहिल्या वर्षी, एस.टी.च्या स्टँडवर गाडीची वाट बघताना. आणि वर म्हणाला की घरात विषय काढू नकोस. मी कधी काढला नाही. गावच्या घरात तिचा फोटोसुद्धा भिंतीवर नाही.

मी रिमोट उचलला. “आबा, दुसरा लावू का? हा रडका आहे.”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.

मुलगी शेवटी जाते. मला हुंदका आवरेना, आणि त्याच वेळी चीडही आली, कारण त्या लोकांनी किती व्हायोलिनं लावली होती मागे. आबा छताकडे बघत पडले होते. नावं वर सरकायला लागली तेव्हा म्हणाले, “चहा कर बेटा.” मी चहा केला. आम्ही त्या पिक्चरबद्दल काही बोललो नाही. मत द्यायचं राहून गेलेला तो एकच.

संध्याकाळी फोन वाजला. मी कोथिंबीर निवडत होते. आज आबा टाळतील असं मला वाटलं होतं.

“आज काय देखं?”

आबांनी रिक्षावाला सांगितला, मुलगी सांगितली, तिचं इंग्रजी सांगितलं. ताप सांगितला. दवाखाना सांगितला. माझे हात थांबले.

“मंग डाक्टर बाहेर उना,” आबा म्हणाले, “आन म्हने, आते काळजी नही. पोरगी वाची गयी.”

आबा पुढे सांगत राहिले.

“मंग बाप तिले रिक्षामा बसाडीसन घर लयी उना. मायनी तिले खिचडी दिधी.”

“बरं व्हयनं,” सासूबाई म्हणाल्या. मग दोघं म्हशींबद्दल बोलले.

मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. काय सांगायचं तेच कळेना.

प्लास्टर निघालं तेव्हा आबांना न्यायला सासूबाई आल्या. दोंडाईच्याहून गाडीनं, एका हातात वाळलेल्या मिरच्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ताकाची बरणी. आबा काठी टेकत हॉलमधून दारापर्यंत चालत गेले, ते त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, “चालतस तं बरा. पन जाडा व्हयी गयात.” जेवणं झाली. दुपारची वेळ, कूलर चालू. मी सवयीनं खुर्ची ओढली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि मला म्हणाल्या, “माले भी दाखाड ना एक पिच्चर. त्या रिक्षावालाना लाव. ती पोरगी बरी व्हस तो.”

मी आबांकडे पाहिलं. आबा काठीकडे बघत होते.

“आई, तो आता गेला हो टीव्हीवरून,” मी म्हणाले. “दुसरा छान आहे, नावाड्याचा.”

“कसा गया? तुनी पोर तं सांगे, मोबाइलवर बठ्ठं ऱ्हास.”

आबा खाकरले. “लाव बेटा,” ते हळूच म्हणाले.

मी लावला. सासूबाई मांडी घालून, हनुवटीखाली हात धरून बघत होत्या. रिक्षावाला इंग्रजी बोलायला चुकतो तिथे हसल्या. मुलीच्या वेण्या बघून म्हणाल्या, “गच्च घाली दिन्ह्यात.” ताप आला तेव्हापासून मी रिमोट हातात घट्ट धरून बसले होते. आबा टीव्हीकडे बघतच नव्हते, ते बायकोकडे बघत होते.

बोळ आला. बाप बाकावर बसला. दार उघडून डॉक्टर बाहेर येणार, तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला.

“बंद कर बेटा. पुढलं माले मालूम शे. यासनी सांगेल शे माले.”

मी बंद केला. सासूबाई पदरानं तोंड पुसत नवऱ्याकडे वळल्या.

“घर लयी उना ना बाप तिले?”

“हां,” आबा म्हणाले.

“मायनी काय दिन्हं खावाले?”

“खिचडी.”

सासूबाई म्हणाल्या, “आपलीले खिचडी नही आवडे. ती ताट सरकाई दे.”

आबांनी मान हलवली. “भरीत लागे तिले.”

“आन ते भी तिखंजाळ.”

“नाक गळे, पन खाये.”

आणि ते दोघं आपल्या मुलीबद्दल बोलायला लागले. ती शाळेत जाताना आबांची जुनी छत्री न्यायची, दर पावसाळ्यात एक हरवायची. म्हशीच्या रेडकाला तिनं शिक्षकाचं नाव ठेवलं होतं, आणि ते शिक्षक एकदा घरी आले तेव्हा कशी पंचाईत झाली. एकानं सांगायला घेतलं की दुसऱ्यानं दुरुस्त करायचं. रडले नाहीत असं नाही. आबांचा आवाज मध्येच चिरकला, सासूबाईंनी त्यांच्या बऱ्या पायावर हात ठेवला. मी उठून आत जायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, “बस ना. तुनी नणंद व्हती ती.”

मी बसले. माझ्या नणंदेची आणि माझी ओळख अशी त्या दुपारी झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर पोहोचवायला गेले. आबा खिडकीशी बसले, काठी मांडीवर. गाडी हलायच्या आधी सासूबाईंनी गजातून माझा हात धरला. “तिनं नाव घेत जाय घरमा,” त्या म्हणाल्या. “आम्ही नही घेत, म्हनीसन पोऱ्या भी नही घेत.”

तिचं नाव इथे लिहीत नाही, घरात मात्र घेतलं. त्याच संध्याकाळी, जेवताना. नवऱ्याचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. मी रेडकाची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “रेडकू नव्हतं गं ते. बैल होता. आणि नाव मी ठेवलं होतं. तिनं माझ्यासाठी मार खाल्ला.” मग त्यानं ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि भाजी गार होऊन गेली.