मैदानात पडायची सोय नाही

सूर्यकांत पाटणकरांना अमेरिकन फुटबॉल कधी आवडला नाही. हातात धरून पळायच्या चेंडूला फुटबॉल का म्हणायचं, इथूनच त्यांचं भांडण सुरू. पण मुलगा वेदांग शिकायला अमेरिकेत गेला, तिथल्या कॉलेजच्या टीमचा भक्त झाला, आणि फोनवर त्याच्याकडे "आय ॲम फाइन"पलीकडे बोलायला काही उरेना. तेव्हा पाटणकरांनी मुकाट्याने तो खेळ शिकून घेतला. आपली कबड्डीच आहे, असं ते बायकोला, मृणालिनीला, सांगायचे. फक्त चिलखत घालून आणि उठसूट थांबून खेळलेली. शनिवारी तिकडे दुपार असते तेव्हा इकडे शारजात, अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाची वेळ झालेली असते. समोर टीव्हीवर मॅच, टीपॉयवर टेकवलेल्या फोनमध्ये वेदांग. बापलेकाचं बोलणं मॅचच्या आडोशाने चालायचं, आणि पाटणकरांना तेवढं पुरायचं.

यंदा मात्र ते पार थकून गेले होते. खोर फक्कानच्या बंदरावर ते एका कंपनीचे यार्ड सुपरवायझर. रोज डोंगर ओलांडून गाडी हाणायची, दिवसभर कंटेनरच्या रांगांमधून उन्हात पाय तोडायचे आणि तेच डोंगर ओलांडून परत यायचं. उन्हाळ्यापासून त्यांच्या कंबरेतून डाव्या पायात कळ उतरत होती. गाडीतून उतरलं की आधी दार धरून उभं राहायचं, मग कुठे माणसासारखं चालता यायचं. हे त्यांनी घरीदारी कुणाच्या कानावर घातलं नव्हतं.

त्याला कारण होता कमरुद्दीन, दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर, सहा फुटी गडी. कंपनीने नवा नियम काढला होता: वरचेवर सिक लीव्ह घेणाऱ्याची मेडिकल तपासणी, आणि त्यात काही निघालं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही. आजाराचं सोंग करून सुट्ट्या मारणाऱ्यांसाठी आहे हा, असं मॅनेजर म्हणाला होता. सोंग करणारे हुशार, ते सावध झाले. कमरुद्दीनची पाठ खरोखरच गेली होती, तो सापडला. "खलास, पाटणकरसाब," एवढंच म्हणून तो आपल्या गावी निघून गेला. वेदांगचं शेवटचं वर्ष अजून व्हायचं होतं, तेव्हा पाटणकरांनी दात आवळून सोसायचं पण हूं की चूं करायचं नाही असं ठरवून टाकलं.

त्या शनिवारी वेदांग भलताच खुशीत होता. "बाबा, धिस इज द बेस्ट न्यू रूल एव्हर!" म्हणाला. टीम दमली की एखादा खेळाडू मुद्दाम लोळण घ्यायचा, खेळ थांबायचा, बाकीच्यांना दम खायला मिळायचा. आता पुढच्या डावासाठी चेंडू मांडून झाल्यावर कुणी पडला आणि डॉक्टरला आत यावं लागलं, की त्याच्या टीमचा एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायच्या मोजक्या संधींपैकी एक, गेलाच. "नो मोअर फेकर्स! सगळे फॅन्स हॅपी आहेत."

"आणि ज्याला खरंच लागलंय त्याने काय करायचं?"

"वॉक ऑफ करायचं ना, बाबा."

"चालता येत नसेल तर?"

"देन यू लूज अ टाइमआउट. नॉट अ बिग डील."

तेवढ्यात समोरच्या टीमचा एक पोरगा पडला. अख्खं स्टेडियम त्याच्यावर ओरडायला लागलं. पोराने एकदा मान वर करून आपल्या कोचकडे पाहिलं आणि कोपरांवर सरपटत कडेच्या रेषेकडे निघाला. "फेकर! गेट अप!" वेदांग हसत ओरडला.

"गप रे!" पाटणकर कडाडले. मृणालिनी हातातलं ताट तसंच घेऊन बाहेर आली. "तो सरपटतोय, दिसत नाही तुला? नाटक करणारा खुशाल पडून राहतो. खरं लागलेलाच असा उठायला बघतो!"

वेदांगचं तोंड उतरलं. "चिल, बाबा. तुम्हाला कुठे हा गेम आवडतो? आय नो. पहिल्यापासून."

पाटणकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गॅलरीत जायला म्हणून ते तिरीमिरीत उठले, कंबरेत लख्खकन कळ आली आणि ते सोफा आणि टीपॉयच्या मध्ये कोसळले. फोन आडवा झाला. त्यातून वेदांगचा अर्धवट हसरा आवाज आला, "बाबा? नाउ यू आर फेकिंग?"

"काही नाही, पाय अडखळला," पाटणकर म्हणाले आणि कोपरावर भार देऊन उठायला बघू लागले.

मृणालिनीने ते कोपर पाहिलं. ताट खाली ठेवून ती त्यांच्याजवळ फरशीवर बसली. "अहो, कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. इतके दिवस दाबून धरलेला शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांना वेदनेपेक्षा लाजच जास्त वाटली.

"बाबा, आय वॉज जोकिंग. बाबा?" फोन एकटाच बोलत होता.

ते पुन्हा उठायला लागले, तशी तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला. "पडून राहा. सोमवारी तुमच्या ऑफिसला मी फोन करते. काय व्हायचं ते होऊ दे."

"नोकरी जाईल गं."

"जाऊ दे," ती म्हणाली. छातीवरचा हात तिने काढला नाही.

पाटणकर पडून राहिले.