मेथी निवडून न्या

आमच्या इंदिरानगरच्या बाजारात एक भाजीवाली बसते. कोथिंबीर सुकली, रिक्षा चुकली, तरी तिचं एकच, "पुढं काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक!" लोक हे संकटाला भिऊन बोलतात, ही खदाखदा हसत बोलते. बायको गेल्यापासून मला ते बोलणं टोचायचं.

सवयीनं मेथी न्यायचो. निवडायची बायको. आता जुडी तशीच सडायची. बोलता बोलता भाजीवालीला हे कळलं.

"बाबा, इथंच बसा. निवडा, मगच न्या."

बसलो. गिऱ्हाईक बाया हसल्या.

"ओ बाबा, एवढ्या काड्या म्हशीला नेताय का?"

काल पहिल्यांदा भाजी केली. खारट झाली, तरी कढई पुसून खाल्ली. आज तिला सांगितलं.

"मग आता पालक न्या. पुढं काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक!"

तिच्या आधी मीच हसलो.